पाच मतांचे खासदार

बडोद्याच्या मराठी घरांत दिवाणांचा विषय निघाला की सर टी. माधवराव आठवतात, मग मनुभाई मेहता, व्ही. टी. कृष्णम्माचारी. त्यांच्या आधी, मल्हारराव महाराजांच्या अखेरच्या धामधुमीत जेमतेम वर्षभर दिवाणगिरी करून गेलेल्या एका गृहस्थांचे नाव या यादीत सहसा कोणी घेत नाही. ते दादाभाई नौरोजी. शाळेच्या पुस्तकाने आपल्याला दिलेले दादाभाई म्हणजे पांढरी दाढी, पारशी पगडी, भारताचे पितामह ही पदवी आणि संपत्तीचा ओघ विलायतेला कसा वाहतो याचे गणित. ते सगळे खरेच आहे. पण यंदाच्या अंकासाठी आम्ही त्यांच्या चरित्रातला दुसरा धागा हाती घेतला आहे. ज्या देशाला स्वतःचे पार्लमेंट नव्हते, त्या देशाचा हा माणूस राज्यकर्त्यांच्या पार्लमेंटात निवडून गेला आणि तिथल्या आयरिश, स्कॉटिश, इंग्रज सभासदांना जोडीला घेऊन त्याने मतदानाचा हक्क नसलेल्या कोट्यवधी लोकांची बाजू मांडली. एका देशाच्या लोकप्रतिनिधींनी दुसऱ्या देशाच्या लोकांच्या हक्कासाठी उभे राहायचे, ही गोष्ट आज परिषदांमधून नित्याची झाली आहे. तेव्हा ती तशी नव्हती.

जन्म मुंबईचा, ४ सप्टेंबर १८२५. वडील नौरोजी पालनजी दोर्दी धर्मोपदेशक होते. दादाभाई चार वर्षांचे असताना ते वारले. आई माणेकबाईंनी एकट्याने मुलाला वाढवले. फी नसलेल्या शाळेमुळे त्यांचे शिक्षण झाले, आणि लोकांच्या पैशावर आपण शिकलो तेव्हा हे देणे लोकांचेच, ही जाणीव त्यांनी पुढे आयुष्यभर बोलून दाखवली. एल्फिन्स्टनमधली हुशारी पाहून सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला पाठवायची तयारी दाखवली, अर्धा खर्च स्वतः देऊ केला. मुलगा तिकडे जाऊन धर्म बदलेल या भीतीने पारशी शेटियांनी उरलेला अर्धा दिला नाही. मग दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. तिथले ते पहिले हिंदी प्राध्यापक. याच काळात, १८४९ साली, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या. गिरगावातल्या मराठी शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालायची, काही घरांतून शिव्या खाऊन परतायचे, असे ते दिवस.

१८५५ साली कामा यांच्या व्यापारी पेढीबरोबर ते लंडनला गेले. पेढी अफू आणि दारूच्या व्यवहारातही होती, ते त्यांना पटेना. त्यांनी भागीदारी सोडून कापसाची स्वतःची पेढी काढली. युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवले. १८६५ मध्ये लंडन इंडियन सोसायटी आणि पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया असोसिएशन उभी केली. हिंदुस्थानातल्या माणसाचे वर्षाचे सरासरी उत्पन्न वीस रुपये भरते, हा हिशेब त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडला. या हिशेबावर इतके लिहिले गेले आहे की आम्ही इथे त्यात शिरत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की ते आकड्यांचे माणूस होते. भाषणात आवाज चढवण्यापेक्षा बेरीज दाखवणे त्यांना जास्त आवडे.

आता बडोदा. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, आणि ते केवळ गावाच्या अभिमानापोटी नव्हे. खंडेराव महाराजांनंतर गादीवर आलेल्या मल्हाररावांच्या कारभाराबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या की इंग्रज सरकारने चौकशी नेमली आणि कारभार सुधारायला १८७५ अखेरपर्यंत मुदत दिली. महाराजांनी दादाभाईंना बोलावले. बाल मंगेश वागळे, काझी शहाबुद्दीन, होरमसजी वाडिया असे निवडक लोक बरोबर घेऊन दादाभाई आले. न्याय पैसे घेऊन दिला जाई, नजराण्याशिवाय पान हलत नसे; पहिला घाव त्यावरच घालायचा होता. पण दरबारातली जुनी मंडळी एका बाजूला आणि रेसिडेंट कर्नल फेअर दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत नवा दिवाण सापडला. फेअरसाहेबांना दादाभाई पहिल्यापासून नको होते. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंटला बदलावे असा खलिता महाराजांकडून व्हाइसरॉयकडे गेला. आठवडाभरात, ९ नोव्हेंबरला, फेअर यांच्या सरबताच्या पेल्यात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळल्याचा बोभाटा झाला.

पुढची कहाणी जुन्या बडोदेकरांना सांगायला नको. फेअर गेले, सर लुइस पेली आले. दादाभाईंनी राजीनामा दिला आणि जानेवारीत ते बडोद्याहून निघाले. त्याच महिन्यात मल्हाररावांना अटक झाली. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले: तीन इंग्रज, आणि तीन हिंदी, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. तिन्ही इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले. तिघा हिंदी सभासदांना तसे वाटले नाही. मत समसमान पडले. तरी सरकारने विषप्रयोग बाजूला ठेवून गैरकारभाराच्या नावाखाली महाराजांना पदच्युत केले आणि मद्रासेला पाठवले. मल्हाररावांच्या कारभाराची बाजू घ्यायची आमची इच्छा नाही. त्यात घेण्यासारखे फारसे नव्हतेही. पण एक महाराजा, एक हिंदी दिवाण, कमिशनवर तीन मानाचे सभासद, आणि या सगळ्यांच्या मताचे वजन एका रेसिडेंटच्या आणि एका व्हाइसरॉयच्या मर्जीपुढे किती, हे दादाभाईंनी बडोद्यात अगदी जवळून पाहिले. व्हाइसरॉयच्या वर कोण? लंडनमधला भारतमंत्री. आणि त्याला जाब कोण विचारणार? पार्लमेंट. दादाभाईंच्या पुढच्या तीस वर्षांची दिशा त्या प्रश्नातून निघाली, असे आम्हाला वाटते.

त्या पार्लमेंटात हिंदुस्थानाचा विचार कसा होई, तेही पाहण्यासारखे आहे. अधिवेशन संपत आले, सभासद सुट्टीवर निघाले, बाके ओस पडली की हिंदुस्थानचे अंदाजपत्रक चर्चेला येई. ज्या दोन-चार सभासदांना त्यात रस असे त्यांच्याजवळ माहिती नसे, आणि ज्यांना माहिती असे ते बहुधा निवृत्त गोरे अधिकारी असत. आयर्लंडची स्थिती याहून बरी होती. तोही देश लंडनहून चालवला जाई, तिथेही दुष्काळ पडले होते, जमिनीचा खंड परदेशी बसलेल्या जमीनदारांकडे जात होता. पण आयर्लंडला पार्लमेंटात जागा होत्या आणि स्वराज्य मागणारे ऐंशीच्या वर आयरिश सभासद तिथे बसत. हिंदुस्थानातर्फे एकही नव्हता.

बंगालचे लालमोहन घोष यांनी डेप्टफर्डमधून दोनदा निवडणूक लढवली आणि दोनदा हरले. काँग्रेस स्थापन झाल्यावर काही महिन्यांतच, १८८६ साली, साठी ओलांडलेले दादाभाई लंडनला पोचले आणि होबर्नमधून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले. १,९५० मते मिळाली आणि पराभव झाला. त्यांना सगळ्या इंग्लंडभर प्रसिद्धी मात्र मिळवून दिली ती खुद्द पंतप्रधानांनी. लॉर्ड सॉल्झबरी १८८८ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सभेत होबर्नच्या निकालाविषयी बोलताना म्हणून गेले की इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी वेळ अजून आलेली नाही. वर्तमानपत्रांनी महिनाभर त्याचा काथ्याकूट केला. काहींनी तर दादाभाई पंतप्रधानांपेक्षाही गोरे दिसतात असे दाखवून दिले. आम्हाला या शेऱ्यातला विनोद कळतो, पण बचाव कातडीच्या रंगाचा करायचा नसून हक्काचा करायचा आहे, हे त्या वेळी फार थोड्यांना सुचले.

ते ज्यांना सुचले त्यांत आघाडीवर एक आयरिश गृहस्थ होते: मायकेल डेव्हिट. हे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे नाही, म्हणून दोन शब्द. शेतातून हुसकावून लावलेल्या कुळाचा हा मुलगा; पोटासाठी घरचे लोक इंग्लंडमध्ये लँकेशायरला आले आणि अकराव्या वर्षी गिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. तरुणपणी बंडाच्या खटल्यात सात वर्षे तुरुंगात काढली, आणि सुटल्यावर १८७९ मध्ये कुळांच्या हक्कासाठी लँड लीग काढली. या डेव्हिटनी आयरिश पक्षाचे नेते पार्नेल यांच्यापुढे सूचना मांडली की आपल्या पक्षाच्या हक्काची एक जागा दादाभाईंना द्यावी. म्हणजे आयर्लंडच्या मतदारांनी हिंदुस्थानचा प्रतिनिधी पाठवावा. पार्नेल यांना कल्पना नापसंत नव्हती. पण आपल्या लोकांना ती रुचेल की नाही याची त्यांना धास्ती वाटली आणि ती तशीच राहिली. सूचना फसली तरी नाते जुळले. दादाभाईंच्या आयर्लंडविषयीच्या भाषणांत आणि डेव्हिटच्या हिंदुस्थानविषयीच्या बोलण्यात ते पुढे वारंवार दिसते.

दरम्यान बाहेरून माहिती पुरवणारी यंत्रणा उभी राहत होती. १८८९ साली लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न. हे स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्यात नोकरीला होते आणि पुण्यात रानड्यांबरोबर शेतकऱ्यांच्या पेढीची योजना त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी आखली होती. सरकारने ती होऊ दिली नाही. निवृत्तीनंतर आपली सगळी शक्ती आणि बराचसा पैसा त्यांनी या कामात घातला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेसला चार्ल्स ब्रॅडलॉ आले. नास्तिक असल्यामुळे शपथेच्या वादात ज्यांना वर्षानुवर्षे पार्लमेंटच्या दाराबाहेर ठेवले गेले, ते हे नॉर्थॅम्प्टनचे खासदार. निवडून आलेल्या माणसाला बाहेर ठेवतात म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. परत गेल्यावर त्यांनी हिंदी कायदेमंडळांच्या सुधारणेचे बिल मांडले. १८९१ च्या जानेवारीत ते वारले आणि हिंदुस्थानाने एक भांडणारा मित्र गमावला.

त्याच १८८९ साली पॅरिसमध्ये इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर आणि फ्रान्सचे फ्रेडरिक पासी यांनी निरनिराळ्या देशांच्या खासदारांची पहिली परिषद भरवली होती. राष्ट्राराष्ट्रांतली भांडणे युद्धाऐवजी लवादाने मिटावीत हा तिचा हेतू, आणि आजचा आंतरसंसदीय संघ तिच्यातूनच झाला. तिथे जमले ते ज्यांना पार्लमेंट होते अशा देशांचे प्रतिनिधी. ज्यांना ते नव्हते त्यांच्यासाठी दादाभाई आणि त्यांचे मित्र लंडनमध्ये वेगळी वाट काढत होते.

सेंट्रल फिन्सबरी हा लंडनचा कारागिरांचा मतदारसंघ. घड्याळे बनवणारे, छापखान्यातले, छोटे दुकानदार. तिथल्या लिबरलांतच दादाभाईंच्या उमेदवारीवरून दोन तट पडले आणि ते भांडण वर्षानुवर्षे चालले. पक्षातल्या वजनदार लोकांनी त्यांना बाजूला व्हा म्हणून सांगितले. ते झाले नाहीत. आयर्लंडला स्वराज्य, स्त्रियांना मताधिकार, कामगारांच्या मागण्या असा जाहीरनामा घेऊन ते दारोदार हिंडले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंबा दिला. जुलै १८९२ मध्ये निकाल लागला तो असा: दादाभाई नौरोजी २,९६१, कॅप्टन पेंटन २,९५६. पाच मते! पेंटन यांनी तक्रार केली, पुढे ती मागे घेतली. नौरोजी हे नाव इंग्रज जिभेला अवघडच. त्यावर कोटी करून लोक त्यांना नॅरो मेजॉरिटी म्हणू लागले. त्या काळी खासदारांना पगार नसे, हेही लक्षात घ्यावे. सदुसष्टाव्या वर्षी पदरमोड करून, मित्रांची मदत घेऊन ही खासदारकी चालवायची होती.

९ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांनी सभागृहात पहिले भाषण केले. नव्या पार्लमेंटात ग्लॅडस्टन यांच्या लिबरल सरकारचे बहुमत चाळिसाच्या घरात, आणि तेही आयरिश सभासदांच्या आधारावर. म्हणजे ज्या पक्षाशी डेव्हिटमुळे मैत्री जुळली होती, त्याच्याच हाती सरकारचा तराजू होता.

ज्या १८९३ सालाने पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात पाहिली, त्याच सालच्या २ जूनला लंडनमध्ये एक नवल घडले. सनदी नोकरीची परीक्षा तोवर फक्त लंडनला होई. हिंदुस्थानी मुलाने कर्ज काढून, समुद्र ओलांडून, अनोळखी मुलखात राहून ती द्यायची. त्यामुळे कलेक्टर, जज्ज, सेक्रेटरी जवळजवळ सगळे गोरे. ही परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव एडिंबरोचे खासदार हर्बर्ट पॉल यांनी मांडला आणि दादाभाईंनी त्याला अनुमोदन दिले. सरकारचा विरोध होता. तरीही ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. हिंदुस्थानच्या बाजूने सरकारचा पराभव करणारे मतदान! इकडे तार पोचली तेव्हा सभा भरल्या, अभिनंदनाचे ठराव झाले.

त्याच उन्हाळ्यात दादाभाई, वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन यांनी इंडियन पार्लमेंटरी कमिटी स्थापन केली. वेडरबर्न नुकतेच स्कॉटलंडच्या बँफशरमधून निवडून आले होते. केन दारूबंदीचे कट्टर प्रचारक, काँग्रेसला हजेरी लावून आलेले. कमिटीत लवकरच शंभराहून अधिक खासदार आले. काम अगदी साधे. काँग्रेसच्या कमिटीने हिंदुस्थानातून आलेल्या तक्रारींची छाननी करायची, पुरावा जुळवायचा. सभासदांनी त्यावर सभागृहात प्रश्न विचारायचे, ठराव मांडायचे, अंदाजपत्रकाच्या रात्री बाकांवर बसून राहायचे. शेवटची गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. पण रिकाम्या सभागृहात हिंदुस्थानचा निकाल लागू द्यायचा नाही, हेच तर या खटाटोपाचे मर्म होते. शंभर नावांतली सगळीच कामाची नव्हती हे उघड आहे. कित्येकांनी सही केली आणि पुन्हा तोंड दाखवले नाही. ओझे वाहिले ते दहा-बारा जणांनी.

आणि दादाभाई नुसते घेणारे नव्हते. त्या वर्षी आयर्लंडच्या स्वराज्याचे बिल महिनोन्‌महिने सभागृहात अडले होते. त्यांनी आपले वजन आयर्लंडच्या पारड्यात टाकले. सप्टेंबरात कॉमन्सने ते मंजूर केले आणि आठवड्याभरात लॉर्डांच्या सभागृहाने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेकून दिले. डिसेंबरात लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवण्यासाठी दादाभाई स्वदेशी आले तेव्हा डेव्हिट यांचा निरोप त्यांच्याजवळ होता: आयर्लंडचे स्वराज्यवादी सभासद एकूण एक हिंदी लोकांच्या पाठीशी आहेत. नुकताच पराभव पचवलेल्यांनी पाठवलेला हा निरोप आहे, हे आम्हाला विशेष वाटते.

पुढच्याच वर्षी, १८९४ च्या मद्रास काँग्रेसला, आयर्लंडच्या वॉटरफर्डचे खासदार आल्फ्रेड वेब अध्यक्ष म्हणून आले. डब्लिनचे छापखानेवाले, क्वेकर पंथाचे. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथेची डब्लिन आवृत्ती त्यांच्या वडिलांनी छापली होती. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना आपल्या जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी हा ग्रंथ अर्पण केला होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कुठली माणसे, कुठले देश, धागा एकच. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय सभेने परक्या देशाच्या, तोही आपल्यासारख्याच पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या खासदाराला अध्यक्षपद दिले, याची आठवण आयर्लंडमध्ये किती आहे ठाऊक नाही. आपल्याकडे तर ती पुसलीच गेली आहे.

आता कडू भाग. परीक्षेचा ठराव पार्लमेंटने मंजूर केला खरा, पण सरकारने तो हिंदुस्थानात मतासाठी धाडला. मद्रास सोडून सगळ्या प्रांतिक सरकारांनी विरोध नोंदवला आणि १८९४ मध्ये ठराव गुंडाळून ठेवण्यात आला. सभागृहात बहुमत मिळवले म्हणजे राज्यकर्त्यांचा हात धरता येतो, हा दादाभाईंचा विश्वास इथे पहिल्यांदा उघड ठेचाळला. तरी ते थांबले नाहीत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करा असा धोशा त्यांनी लावला, आणि १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसले. दादाभाई, वेडरबर्न आणि केन हे तिघेही त्यावर सभासद. १८९७ मध्ये या कमिशनपुढे साक्ष द्यायला पुण्याहून तीस-एकतीस वर्षांचा एक प्राध्यापक गेला: गोपाळ कृष्ण गोखले. बरोबर दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर होते. आकड्यांवर उभे राहून सरकारशी भांडायची गोखल्यांची पुढची रीत पाहिली की त्यांना दादाभाईंची तालीम कशी मिळाली ते कळते. कमिशनचा बहुमताचा अहवाल निराशा करणारा निघाला; तिघा मित्रांनी आपले वेगळे मत नोंदवले.

त्याआधीच, १८९५ च्या जुलैत, लिबरलांची धूळधाण झाली आणि तीत दादाभाईंची जागा गेली. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीनमधून निवडून आले आणि काँग्रेसच्या मागण्यांना विरोध करू लागले. म्हणजे बाकावर हिंदी माणूस बसला की काम झाले, असे नव्हते. आपल्या माणसाने तिथे कोणाच्या वतीने बोलायचे हाच खरा प्रश्न, आणि वेडरबर्नसारखा स्कॉट किंवा वेबसारखा आयरिश त्या कसोटीला उतरला. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जो अर्ज निघाला, त्यावर मॅक्स म्युलर यांच्याबरोबर दादाभाई आणि केन यांच्याही सह्या होत्या.

टिळकांच्या पिढीला मात्र हे अर्ज-विनंत्यांचे राजकारण भिक्षुकी वाटे, आणि त्यांची अधीरता समजण्यासारखी होती. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर दादाभाईंनी गरजेपेक्षा फार दिवस भरवसा ठेवला, असे आम्हालाही वाटते. पण वय वाढते तसा माणूस मवाळ होतो म्हणतात; दादाभाईंचे उलटे झाले. १९०१ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला तेव्हा भाषा अधिक कडक झाली होती. १९०४ च्या ऑगस्टमध्ये, एकोणऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत उभे राहिले. फ्रान्सचे जोरेस, जर्मनीचे बेबेल असे आपापल्या देशांच्या विधिमंडळांत गाजलेले पुढारी तिथे होते. हॉलंडचे खासदार व्हॅन कोल यांनी वसाहतींच्या प्रश्नावरच्या बैठकीत त्यांचे स्वागत केले; हॉलंड स्वतः जावा-सुमात्रावर राज्य करत होते हे ध्यानात घेतले तर या स्वागताची किंमत कळते. रशिया आणि जपान यांचे युद्ध चालू असताना त्या दोन देशांच्या प्रतिनिधींनी याच परिषदेत व्यासपीठावर हात मिळवले होते. दादाभाई बोलायला उठले तेव्हा सगळी सभा उभी राहिली आणि क्षणभर स्तब्ध राहिली.

१९०६ च्या आरंभी लंडनच्या नॉर्थ लँबेथमधून त्यांनी शेवटची निवडणूक लढवली आणि हरले. वर्षअखेर जहाल-मवाळांच्या ओढाताणीत फुटू पाहणाऱ्या काँग्रेसने एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंना कलकत्त्याला अध्यक्ष केले, कारण त्यांना नाही म्हणणे दोन्ही बाजूंना अशक्य होते. आवाज क्षीण झाल्यामुळे भाषण गोखल्यांनी वाचले. काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्वराज्य हे ध्येय म्हणून पहिल्यांदा उच्चारले गेले ते त्या भाषणात. पुढच्या वर्षी ते वर्सोव्याच्या घरी कायमचे परतले.

आयर्लंडमधून आलेला होमरूल हा शब्द घेऊन टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये आपल्या बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा दादाभाई हयात होते. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोन महिनेही उलटायच्या आत, २० ऑगस्टला, भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्याच कॉमन्स सभागृहात केली. आणि ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर होऊन बासनात गेलेली ती सनदी परीक्षा हिंदुस्थानच्या भूमीवर पहिल्यांदा झाली १९२२ च्या फेब्रुवारीत, अलाहाबादला.